पेंटबॉल डोळ्याला लागला होता, आता सगळं नीट दिसतंय, तरी दरवर्षी तपासणी खरंच लागते का?

मनवा_के

नमस्कार मंडळी. भाच्याबद्दल विचारायचंय, वय १९. गेल्या वर्षी मित्रांबरोबर पेंटबॉल (रंग भरलेले छोटे गोळे गनने एकमेकांवर मारायचा खेळ) खेळायला गेला होता, मास्कच्या आत वाफ धरली आणि काही दिसेना म्हणून त्याने पुसायला मास्क जरासा वर केला आणि तेवढ्यात कुणाच्या तरी गनमधून सुटलेला बॉल उजव्या डोळ्यावर बसला. ज्याने मारला त्याला याचा मास्क वर आहे हे दिसलंच नव्हतं, त्यामुळे राग कुणावरच नाही, अपघातच तो.

डोळ्याच्या पुढच्या भागात रक्त साचलं होतं, हायफीमा म्हणाले डॉक्टर. ड्रॉप्स, कडक कवच लावून ठेवायचं, झोपताना डोकं उंच, धावपळ बंद. रक्त हळूहळू विरलं, ऑपरेशन लागलं नाही, आता चार्टवरची शेवटची ओळ सुद्धा वाचतो. फक्त त्या डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा थोडी मोठी राहिलीये, उन्हात दिपतं आणि रात्री समोरून गाडी आली की त्रास होतो म्हणतो.

आता प्रश्न असा की डॉक्टरांनी सांगितलंय दरवर्षी येत जा, आयुष्यभर. ताई घाबरून गेलीये आणि भावजी म्हणतात पोराला सगळं दिसतंय मग उगाच कशाला खेटे घालायचे. मलाही कळत नाहीये नक्की काय सांगावं. एकदा बरा झालेला डोळा इतक्या वर्षांनी कसा काय बिघडेल? अजून एक, त्याच दिवशी मांडीवर पण लागलं होतं तिथे अजून एक छोटी कडक गाठ हाताला लागते, दुखत नाही. कुणाला अनुभव असेल किंवा यातलं माहीत असेल तर प्लीज सांगा.

रानवारा

मी बरीच वर्षं खेळतोय. पाठीवर, दंडावर, मांडीवर किती वेळा लागलंय मोजदाद नाही, काळंनिळं होतं, मध्ये पांढरट आणि बाजूने लाल रिंग उमटते, आठ-पंधरा दिवसांत जातं. मुका मार आहे तो, बाकी काही होत नाही. डोळ्याचं मला माहीत नाही पण दिसतंय ना व्यवस्थित, मग पोराला फार घाबरवू नका असं वाटतं.

चष्मेवाली

मनवा, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, डोळ्याच्या डॉक्टरांबरोबर काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. रानवारा, तुमचं अंगावरच्या माराबद्दल बऱ्यापैकी खरं आहे पण डोळ्याला तो हिशोब लागू होत नाही, आणि "दिसतंय ना" हीच गोष्ट यात सगळ्यात जास्त फसवते.

आधी हे बघा की बॉल लागतो तेव्हा होतं काय. नेहमीचा पेंटबॉल साधारण १७ मिलीमीटर जाडीचा आणि ३ ग्रॅमच्या आसपास वजनाचा असतो, आणि मैदानावर वेगाची जी वरची मर्यादा धरतात ती सेकंदाला ३०० फूट, म्हणजे ताशी जवळजवळ ३३० किलोमीटर. डोळ्याभोवती हाडांची जी खोबण असते तिचं तोंड साधारण ४ सेंटीमीटर रुंद. टेनिसचा किंवा क्रिकेटचा मोठा चेंडू आला तर बराचसा मार भुवईचं आणि गालाचं हाड झेलतं, पण पेंटबॉल एवढा लहान की हाडाला न लागता थेट आत बुबुळावर बसतो. डोळा पुढून मागे दाबला जातो आणि त्याच क्षणी आडवा फुगतो. आतले जे नाजूक भाग आहेत ते या ताणामुळे फाटतात, वरून डोळा अख्खा दिसत असला तरी.

आता तुमचा मुख्य प्रश्न, वर्षांनी कसं बिघडेल. डोळ्याच्या आत एक पाणी सतत तयार होत असतं आणि बुबुळाच्या कडेला एक बारीक जाळी असते तिच्यातून ते बाहेर जातं, मोरीच्या जाळीसारखंच समजा. मार बसतो तेव्हा त्या कोपऱ्यातला स्नायू फाटतो, याला अँगल रिसेशन म्हणतात. ज्यांना हायफीमा झालेला असतो त्यांच्यातल्या बहुतेकांना थोडंफार तरी अँगल रिसेशन असतं, कारण ते रक्त तिथूनच तर आलेलं असतं. जखम भरते, पण भरताना जाळी हळूहळू कडक होत जाते, पाणी नीट जात नाही आणि डोळ्याचं प्रेशर वाढतं. हे काही महिन्यांनी होऊ शकतं, १० वर्षांनी होऊ शकतं, २० वर्षांनी पण. त्यातून जो काचबिंदू होतो तो दुखत नाही, लाल होत नाही, समोरची नजर शेवटपर्यंत चांगली राहते, आधी कडेची नजर जाते आणि माणसाला पत्ताच लागत नाही कारण दुसरा डोळा ती कसर भरून काढत असतो. आणि गेलेली नजर परत येत नाही. वेळेत सापडला तर मात्र बहुतेकदा ड्रॉप्सवर आटोक्यात राहतो, म्हणून तर दरवर्षी बोलावलंय.

सगळ्यांना होतो असं अजिबात नाही, थोड्याच लोकांना होतो. कोपरा किती फाटलाय त्यावर अवलंबून आहे, अर्ध्यापेक्षा जास्त म्हणजे १८० डिग्रीच्या वर फाटला असेल तर धोका बराच जास्त. हे बघण्यासाठी गोनिओस्कोपी नावाची तपासणी असते, डोळ्यावर आरशाची छोटी लेन्स ठेवून करतात, दुखत नाही. नवीन जखमेत लगेच करत नाहीत, दाब पडून परत रक्तस्राव व्हायची भीती असते, साधारण महिना-दीड महिन्याने करतात. भाच्याची झालीये का ते विचारा, आणि झाली असेल तर किती डिग्री लिहिलंय ते बघा.

दुसरी गोष्ट पडदा. अशा माराने पडद्याच्या अगदी कडेला चीर पडू शकते, आणि तरुण माणसांत डोळ्याच्या आतला जेल घट्ट असल्यामुळे तो पडद्याला बरेच दिवस धरून ठेवतो, म्हणून पडदा लगेच न सुटता हळूहळू, महिन्यांनी सुद्धा सुटतो. म्हणून बाहुली मोठी करून पडदा कडेपर्यंत तपासलेला असणं फार गरजेचं आहे. आणि हे भाच्याला पाठच करायला सांगा: अचानक काळे ठिपके किंवा धागे तरंगायला लागले, विजेसारखं चमकलं, किंवा एका बाजूने सावली आल्यासारखं वाटलं तर वार्षिक अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं.

तिसरं मोतीबिंदू. माराचा मोतीबिंदू तरुणपणी पण येतो, काहींना लगेच आणि काहींना वर्षांनी. लेन्सला धरून ठेवणारे बारीक धागे जर त्या माराने सैल झाले असतील तर पुढे कधी मोतीबिंदूचं ऑपरेशन करायची वेळ आली तर ते नेहमीपेक्षा अवघड जातं, म्हणून तो म्हातारा होईल तेव्हा सुद्धा सर्जनला ही जुनी जखम सांगायचीच आहे. कागद जपून ठेवा.

बाहुली मोठी राहणं म्हणजे तिला आकुंचन करणारा स्नायू फाटलाय, ते बहुधा तसंच राहील. उन्हात टिंटेड चष्मा वापरू दे, बराच फरक पडतो. जवळचं वाचताना त्रास होतो का तेही विचारा, होत असेल तर त्या डोळ्याला वाचायचा नंबर लागू शकतो आणि मुलं हे सांगत नाहीत, नुसती डोकं दुखतं म्हणतात.

अबोली७

चष्मेवालींनी लिहिलंय ते मी जगतेय म्हणून लिहिते. मला कॉलेजात असताना डावीकडे लागला होता. तेव्हा थोडं रक्त आलं होतं, बरं झालं, पुढे तपासणीला या असं मला कुणी सांगितलं नव्हतं, निदान मला किंवा घरच्यांना आठवत नाही. त्यानंतर लग्न झालं, नोकरी, मूल, डोळ्याचा विषयच संपला होता. मग एकदा चष्म्याचा नंबर काढायला गेले तर तिथल्या मुलीने प्रेशर मोजलं आणि परत मोजलं आणि मग गप्प झाली. उजव्या डोळ्याचं १४ आणि डाव्याचं ३० च्या वर. नॉर्मल २१ पर्यंत धरतात. फील्ड टेस्ट, म्हणजे कडेपर्यंत किती दिसतं त्याची तपासणी, केली तेव्हा डाव्या डोळ्याची नाकाकडची वरची बाजू जवळजवळ गेलेली होती आणि मला खरोखर काहीही जाणवलं नव्हतं, दोन्ही डोळे उघडे असताना सगळं पूर्ण दिसायचं.

आता रोज रात्री ड्रॉप्स आहेत, कायमचे. प्रेशर आटोक्यात आहे, जे गेलं ते गेलं पण पुढे सरकलेलं नाही. डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता की या डोळ्याला कधी मार लागला होता का, आणि मी आधी नाही म्हणाले कारण ती गोष्ट डोक्यातून पूर्ण गेलेली होती. म्हणून मनवाताई, त्याच्या आईबाबांना वाटतंय ते मला समजतं, बरा झालेला मुलगा परत परत दवाखान्यात नेणं कुणाला आवडतं, पण वर्षातून एक सकाळ आहे हो. मला कुणी दरवर्षी ओढत नेलं असतं तर आज तो कोपरा शाबूत असता.

मनवा_के

अबोली, वाचून पोटात गोळा आला. मनापासून थँक्यू इतकं मोकळेपणाने लिहिलंस. हे जसंच्या तसं भावजींना वाचून दाखवणार आहे.

चष्मेवाली, जुनी फाईल काढून बघितली. गोनिओस्कोपी झालीये, त्यात अँगल रिसेशन लिहिलंय आणि आकडा २०० च्या वर आहे. म्हणजे तुम्ही म्हणालात त्या जास्त धोक्याच्या गटात येतो ना? पडदा कडेपर्यंत बघितल्याची पण नोंद आहे, चीर नाही असं लिहिलंय. मांडीच्या गाठीचं कुणी सांगेल का?

सुई_दोरा

मी सर्जरी वॉर्डला नर्स आहे, गाठीबद्दल मी सांगते. खोल मुका मार बसला की आत रक्त साकळतं नाहीतर चरबीचा छोटा भाग मरतो आणि तिथे कडक गुठळी राहते, बहुतेक वेळा ती काही महिन्यांत विरघळते, काहींची छोटीशी कायम राहते आणि तिचा त्रास काही नसतो. वर्ष झालं असेल तर एकदा डॉक्टरांना हात लावून बघू दे, हवं तर सोनोग्राफी. वाढत असेल, नवीन दुखायला लागली किंवा दगडासारखी टणक लागत असेल तर मात्र लवकर दाखवा. स्नायूत खोल मार असेल तर क्वचित तिथे हाडासारखं कॅल्शियम पण जमतं, ते एक्सरेत दिसतं. कातडीवरचा काळपट डाग सावळ्या रंगाच्या लोकांना महिनोन् महिने राहतो, त्याची काळजी नको, ऊन लागू देऊ नका.

पण रानवारा "बाकी काही होत नाही" म्हणाले त्यावर लिहिणं भाग आहे, कारण काही जागा अशा आहेत की जिथे मुका मार म्हणून सोडून देता येत नाही.

बायकांना छातीवर लागलं तर वर सांगितलं तसंच चरबीची गाठ होते आणि ती काही वर्षांनी मॅमोग्राफीत कधी कधी अगदी कॅन्सरसारखी दिसते. तपासताना जुना मार नक्की सांगा, पण उलटं पण खरं आहे, कुठलीही गाठ "ती तेव्हाची असेल" म्हणून स्वतःच ठरवून घरी बसू नका, गाठ आहे तर तपासायचीच.

मुलांना खाली वृषणावर लागतं आणि ती लाजेने सांगत नाहीत. फार दुखतंय, सूज आहे, उलटी होतेय असं असेल तर तासाभरात दवाखाना. सोनोग्राफीत वृषण फाटलेलं दिसलं तर ऑपरेशन जितकं लवकर तितकं ते वाचायची शक्यता जास्त, ७२ तासांच्या आत केलं तर निकाल बराच चांगला असतो. उशीर झाला तर ते आक्रसून लहान होतं किंवा काढावं लागतं. एक चांगलं असेल तर मूल व्हायला सहसा अडचण येत नाही, पण वाचवता येणारा अवयव लाजेपायी घालवायचा म्हणजे फार वाईट वाटतं बघायला. घरातल्या मुलांना हे आधीच स्पष्ट शब्दात सांगून ठेवा.

पोटावर अगदी जवळून लागलं तर प्लीहा, लिव्हर, किडनीला इजा झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, क्वचित पण आहेत. पोट दुखणं वाढतंय, डावा खांदा दुखतोय, चक्कर येतेय, लघवीतून रक्त येतंय, यातलं काहीही असेल तर झोपून बघूया म्हणायचं नाही.

कानावर लागून पडदा फाटला तर तो बहुतेकदा आपोआप भरतो पण कानात पाणी जाऊ द्यायचं नाही आणि नंतर ऐकण्याची टेस्ट करून घ्यायची. कानात शिट्टीसारखा आवाज मात्र काहींना राहून जातो.

रानवारा

बरं झालं हे लिहिलंत ताई. वृषणाचं आणि डोळ्याचं आमच्या ग्रुपवर आजच टाकतो, आमच्यात १६-१७ वर्षांची मुलं पण येतात.

मैदानकाका

मी पेंटबॉलच्या मैदानावर मार्शल, म्हणजे खेळावर लक्ष ठेवणारा पंच, म्हणून काम करतो. मास्कबद्दल लिहितो कारण भाच्याचं जे झालं ते मी रोज होता होता थांबवतो. डोळ्याच्या ज्या गंभीर जखमा होतात त्या जवळजवळ सगळ्या मास्क काढलेला किंवा वर केलेला असताना होतात, आणि कारण विचाराल तर वाफ. खेळाडू आडदांड असतो म्हणून काढत नाही, त्याला दिसत नसतं म्हणून काढतो. त्यामुळे नुसतं "मास्क काढू नका" ओरडून भागत नाही, वाफ न धरणारा मास्क द्यायला पाहिजे. दुहेरी काचेची थर्मल लेन्स येते, तिच्यात वाफ फार कमी धरते. एकेरी काचेचे स्वस्त मास्क भाड्याला ठेवणारी मैदानं बघितली की जीव जळतो. आणि दिसेनासं झालं तर गन खाली, हात वर, मार्शलला हाक, आणि आंधळ्यासारखं हाताला धरून मैदानाच्या बाहेर यायचं, मग मास्क काढायचा. यात लाज कसली.

मास्क पेंटबॉलसाठीच बनवलेला पाहिजे, एएसटीएम एफ१७७६ असं मानक त्यावर छापलेलं असतं. पोहण्याचा गॉगल, बाईकचा गॉगल, वर्कशॉपचा चष्मा, यातलं काहीही त्या वेगाला टिकत नाही. लेन्सला बारीक तडा दिसला की ती फेकायची. कान झाकणारा मास्क घ्या. खेळ नसताना बॅरलवर, म्हणजे गनच्या नळीवर, कव्हर पाहिजेच, कारण बऱ्याच गोळ्या खेळ संपल्यावर, गन साफ करताना, पार्किंगमध्ये सुटतात आणि तेव्हा कुणाच्याच तोंडावर मास्क नसतो. सकाळी खेळ सुरू व्हायच्या आधी प्रत्येक गनचा वेग मशीनवर मोजतात का ते विचारा, मोजत नसतील तर तिथून परत फिरा. जुने सुकलेले गोळे पण वापरू देऊ नका, ते लागल्यावर फुटत नाहीत आणि न फुटणारा गोळा जास्त इजा करतो.

आणि लागलंच डोळ्याला तर: चोळायचं नाही, दाबायचं नाही, बर्फ दाबून धरायचा नाही. कागदी कपचा तळ कापून भुवई आणि गालाच्या हाडावर टेकेल असा वरून झाकायचा म्हणजे डोळ्यावर भार येत नाही, माणसाला बसवूनच न्यायचं. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन देऊ नका, रक्तस्राव वाढतो. खायला प्यायला पण देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं. रंग डोळ्यात गेला म्हणून घाबरून नळाखाली धरू नका, तो रंग पाण्यात विरघळणारा असतो, जिलेटिनच्या कवचात भरलेला, त्याने डोळा जात नाही, माराने जातो.

मनवा_के

काका हे वाचून कळलं की त्या दिवशी कुणीतरी त्याला हाताला धरून बाहेर आणायला हवं होतं. एक शेवटचं विचारते. तो आता परत खेळायचं म्हणतोय, आणि बॅडमिंटन तर सुरूच केलंय. खेळू द्यावं का?

चष्मेवाली

मनवा, हो, २०० च्या वर म्हणजे जास्त धोक्याचा गट. म्हणून माझ्या मते पहिली काही वर्षं वर्षातून एकदाच्या ऐवजी सहा महिन्यांनी प्रेशर बघितलेलं बरं, डॉक्टरांना विचारून घ्या. दर वेळी प्रेशर, डोळ्याच्या नसेची तपासणी आणि मधूनमधून फील्ड टेस्ट. नसेचा ओसीटी स्कॅन (प्रकाशाने काढलेला तिच्या थरांचा फोटो) आत्ताच एकदा करून ठेवा, म्हणजे पुढे कधी बदल झाला तर तुलना करायला आजचा स्कॅन हातात राहील. कुठल्याही कारणाने, ॲलर्जीसाठी का असेना, स्टिरॉइडचे ड्रॉप्स कुणी लिहून दिले तर आधी हे सांगायचं, त्याने प्रेशर वाढू शकतं. मेडिकलमधून स्वतःहून तर कधीच घ्यायचे नाहीत.

खेळायचं म्हणाल तर पूर्ण बंद करायची गरज नसते, पण पेंटबॉलच्या आधी त्याच्या डॉक्टरांचा स्पष्ट होकार घ्या, कारण त्या डोळ्याला दुसरा मार झेपणारा नाही. बॅडमिंटनला लोक हलकं समजतात पण शटलकॉक सुद्धा खोबणीत बसेल एवढं लहान आहे आणि त्याने हीच जखम होते, डबल्समध्ये तर जोडीदाराची रॅकेट पण लागते. पॉलिकार्बोनेटचा स्पोर्ट्स चष्मा बनवून घ्या, नंबर नसेल तरी. काचेचा किंवा साध्या प्लॅस्टिकचा नको. हा चष्मा डाव्या डोळ्यासाठी पण आहे हे त्याला सांगा, कारण उद्या उजव्याचं काही झालं तर सगळी मदार त्या एका चांगल्या डोळ्यावर असणार आहे.

अबोली७

आणि मनवाताई, फाईलचा फोटो त्याच्या स्वतःच्या फोनमध्ये ठेवायला लावा, फक्त आईकडे नको. पुढे तो शिकायला, नोकरीला कुठे कुठे जाईल, तिथल्या डॉक्टरला "अँगल रिसेशन, उजवा डोळा" एवढं जरी त्याला सांगता आलं तरी पुरे.

मनवा_के

लावते. सहा महिन्यांचं पण आजच विचारते, ताईने अपॉइंटमेंट घेतलीये पुढच्या आठवड्यातली, भावजी स्वतः घेऊन जातो म्हणालेत.